पडक्या भिंतीचा पाहुणचार

एका जंगलात एक नगर होतं. नगर म्हटलं की टेकडी आली आणि नाला आला. टेकडीवर मोर राहायचे, हरणं राहायची, आणि ज्यांच्या अंगाला वास येत नाही असे आणखी बरेच जण राहायचे. नाल्याकाठी उंदीर, बेडूक, खेकडे आणि सरडे राहायचे. तिथेच एक चिचुंद्री राहायची. तिचं नाव भागूबाई. तिला तीन पोरं. थोरली ठमी, मधला गोप्या, धाकटी चिंगी.

हुंकार देत राहा हं, पोरांनो. हुंकार थांबला की गोष्ट वाट चुकते.

चिचुंद्रीची पोरं रस्त्याने कशी चालतात, ठाऊक आहे? आई पुढे. थोरली आईची शेपटी दातात धरते, मधला थोरलीची धरतो, धाकटी मधल्याची. अशी माळ करून निघतात. वाटेत कुणी भांडत नाही. तोंडात शेपटी असल्यावर भांडणार कसं?

तर ही माळ रोज सकाळी नाल्याकाठच्या शाळेत जायची. पोरं वर्गात बसायची आणि भागूबाई मागच्या चुलीवर सगळ्या शाळेची खिचडी शिजवायची.

शाळा मातीची होती. तिला चार भिंती होत्या. तीन उभ्या होत्या, चौथी विचारात पडली होती. ती आतल्या अंगाला कलली होती आणि तिला बांबूचा टेकू दिला होता. त्या टेकूभोवती दुसरीचा वर्ग बसायचा. भागूबाईची तिन्ही पोरं त्याच वर्गात, कारण तिघंही एकाच दिवशी जन्मलेली. ठमी थोरली ती चिमूटभर वेळाने.

खिचडी ढवळताना भागूबाईचा एक कान त्या भिंतीकडे असायचा. आत माती भुरभुरली की तिच्या हातातला डाव थांबायचा. पुन्हा पाढे सुरू झाले की डाव पुन्हा फिरायचा.

"गुरुजी, त्या भिंतीचं काही बघा की," ती म्हणायची.

गुरुजी होते खवले मांजर. सगळे त्यांना खवले गुरुजी म्हणत. मोठे विद्वान. तीसपर्यंत पाढे तोंडपाठ, तेही उलटे. पण एक खोड होती. साहेब दिसला की ते अंगाचा चेंडू करून घ्यायचे. साहेब गेला की उलगडायचे.

"अर्ज केलाय, भागूबाई," गुरुजी म्हणायचे. "गेल्या वर्षी केला होता. त्याच्या आदल्या वर्षीही केला होता."

"मग काय झालं?"

"आता आपले तीन अर्ज झाले."

त्या नगरात शाळांच्या डागडुजीचा निधी नव्हता असं नाही. निधी होता, आणि तो सगळ्या शाळांना अगदी सारखा मिळायचा. दरवर्षी प्रत्येक शाळेला एक हत्तीच्या उंचीची शिडी आणि एक पोतं चुना. टेकडीवरच्या शाळेला शिडी बरोबर पुरायची. नाल्याच्या शाळेत ती शिडी दारातून आत जात नसे. मग ती अंगणात आडवी पडायची आणि बेडकिणी तिच्यावर लुगडी वाळत घालायच्या. चुन्याचं मात्र कौतुक व्हायचं. भिंत पडकी का असेना, पांढरी असायची.

नगराची अध्यक्ष होती गजराबाई हत्तीण. मनाची फार चांगली. तिला एक दिवस वाटलं, हा न्याय नव्हे. तिने सभा बोलावली आणि सांगितलं, "सगळ्यांना सारखं देणं म्हणजे न्याय नाही. ज्याची गरज मोठी, त्याला आधी मिळालं पाहिजे. यंदा जी शाळा सगळ्यात पडकी, तिचं काम सगळ्यात आधी."

बघा, किती शहाणी गोष्ट बोलली. नाल्यावर बेडकांनी दुपारपर्यंत गळे फुगवून आनंद केला.

मग नियम झाला. सांबरसाहेब शाळाशाळांत जाऊन पाहणी करणार. भेगेला एक गुण, गळक्या कौलाला दोन, कललेल्या भिंतीला दहा. ज्या शाळेला जास्त गुण, ती पहिली. आयुष्यात पहिल्यांदा नाल्याच्या पोरांना पहिलं येण्याची आशा होती, तीही अभ्यास न करता.

खवले गुरुजींनी आयांना बोलावून नियम समजावून सांगितला. तीन वेळा सांगितला.

"म्हणजे साहेब भिंत बघायला येणार," भागूबाई म्हणाली.

"भिंतच बघायला."

"आणि ती जशी आहे तशीच दाखवायची."

"जशी आहे तशीच. कशालाही हात लावायचा नाही."

सगळ्यांना समजलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजी समाधानाने खडू शोधायला गेले. आया तिथेच बसून राहिल्या.

मग रखमा बेडकीण म्हणाली, "मी काय म्हणते, भिंतीला हात नको लावायला. पण निदान झाडून तरी घेऊ. साहेब येणार आणि पायात कचरा?"

"झाडायला काय हरकत आहे," भागूबाई म्हणाली. "झाडणं म्हणजे काही डागडुजी नव्हे."

झाडून झालं. झाडल्यावर जमीन उखडलेली दिसायला लागली. मग ती सारवली. सारवल्यावर तिच्यापुढे भिंती मळकट दिसायला लागल्या. चुन्याचं पोतं होतंच. तीन भिंतींना चुना लावल्यावर चौथीला न लावणं म्हणजे पंगतीत तिघांना वाढून चौथ्याला उठवणं. तिलाही लावला. भेगा होत्या त्या चुन्याने भरून निघाल्या.

आता वर्गाच्या मधोमध तो बांबू तेवढा राहिला. कळकट, वाकडा, त्याला पोरांनी चघळलेलं.

"हा बांबू डोळ्यात खुपतो," रखमा म्हणाली.

"तो काढला तर भिंत पडेल," भागूबाई म्हणाली. तिला आठवण होती, बरं का. तिची तिन्ही पोरं होती तिथे. पण बांबू तिच्याही डोळ्यात खुपत होता.

इतक्यात घोरपडआत्या पुढे आली. नाल्यावरची सगळ्यात वडीलधारी बाई. तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, आणि तिने धरलेली वस्तू आपोआप पडत नसे.

"आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहुण्याला टेकू दाखवला नाही," आत्या म्हणाली. "पाहुणा घरात येतो तेव्हा घराची अब्रू दारात उभी असते. काढा तो बांबू."

"अहो आत्या, आणि भिंत?"

"भिंत मी धरते. बाहेरच्या अंगाने नख्या रोवून बसते. साहेब जाईपर्यंत हलली तर नाव सांगणार नाही."

"पण आत्या, साहेब पडकी भिंत बघायलाच येतायत," भागूबाई हळूच म्हणाली.

"मग बघू देत की. कोण नाही म्हणतंय? जरा नीटनेटकी बघू देत."

भागूबाईने बांबू काढला. खरं सांगायचं तर त्या दिवशी शाळा इतकी छान दिसली की ती दारात उभी राहून बघतच राहिली. पोरांना मात्र तिने दुसऱ्या बाजूच्या भिंतीपाशी बसवलं. इतकी काही ती खुळी नव्हती.

ठरल्या दिवशी सांबरसाहेब आले. मोठी डौलदार शिंगं, मागे कागद धरायला कावळेभाऊसाहेब कारकून. दारात रांगोळी होती. पोरांनी स्वागताचं गाणं म्हटलं. भागूबाईने ओवाळलं. गुरुजींनी एकदा "या साहेब" म्हटलं आणि त्यांचा चेंडू झाला. तो चेंडू गडगडत जाऊन खुर्चीखाली थांबला.

साहेब आत जायला निघाले, पण शिंगं दारात अडकली. उभे शिरून पाहिलं, तिरपे शिरून पाहिलं. मग ते खिडकीशी गेले आणि एका डोळ्याने आत पाहू लागले.

"स्वच्छ आहे," एक डोळा म्हणाला. "लिहा, भाऊसाहेब."

"स्वच्छ," कावळेभाऊसाहेबांनी लिहिलं.

"भेगा?"

"दिसत नाहीत, साहेब."

"ती भिंत कललेली आहे असा अर्ज होता ना?"

साहेबांनी खिडकीतून शिंग घालून भिंतीला टोचून पाहिलं. पलीकडून घोरपडआत्याने श्वास धरला. भिंत जागची हलली नाही.

"भलतीच मजबूत आहे हो," साहेब म्हणाले. "आमच्या कचेरीची अशी नाही. तुम्हाला काही अडचण? मोकळेपणाने सांगा."

आता बघा. हा प्रश्न विचारायलाच ते आले होते. भागूबाईने तोंड उघडलं. पण साहेबांच्या एका हातात तिने दिलेला चहा होता आणि दुसऱ्या हातात पोहे. ज्याच्या तोंडात आपला घास आहे त्याच्यापुढे रडगाणं कसं गायचं?

"छे, अडचण कसली," भागूबाई म्हणाली. "आपल्या कृपेने सगळं छान चाललंय. पोहे आणखी घ्या ना."

साहेबांनी आणखी पोहे घेतले. जाताना त्यांच्या शिंगांवर एक शाल टाकली आणि नारळ दिला. भिंतीला गुण मिळाले शून्य.

तिकडे टेकडीवरच्या शाळेत काय झालं, तेही ऐका. ते भागूबाईला मागाहून कळलं.

टेकडीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते पिसारे सर. मोर. त्यांची शाळा दगडी, दारं सागवानी, दोन सांबरं शेजारी शेजारी आत जातील एवढी. सरांनी नियम एकदाच वाचला. त्यांना तीनदा सांगावं लागलं नाही.

त्यांनी आठवडाभर आधी शाळा झाडणं बंद केलं. दगडाला काही केल्या भेगा पडेनात, तेव्हा चित्रकलेच्या लांडोरबाईंनी मुलांकडून कोळशाने भेगा काढून घेतल्या. ज्याची भेग सगळ्यात सुंदर त्याला बक्षीस. पालकांनी वर चढून कौलं तिरकी करून ठेवली. आणि साहेब आले तेव्हा सरांनी पिसारा मिटून, मान खाली घालून सांगितलं, "साहेब, तुम्हाला चहा विचारायचीसुद्धा आमच्या शाळेची परिस्थिती नाही."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी तेही लिहून घ्यायला लावलं.

निकाल लागला. कचेरीबाहेर फळ्यावर यादी टांगली होती. भागूबाईला अक्षरओळख नव्हती, म्हणून ठमीने वाचली. ठमीने शेपटी तोंडातून सोडली आणि वाचलं, "पहिली, टेकडीची शाळा."

"आणि आपली?"

ठमी वाचत वाचत खाली गेली. खूप खाली गेली. फळा संपला तिथे थांबली. "आपली शेवटची. पुढे लिहिलंय, उत्तम."

नाल्याच्या शाळेला एक प्रशस्तिपत्रक आलं. आदर्श इमारत, सोनेरी अक्षरांत, काचेच्या चौकटीत. ते भिंतीवर टांगायचं होतं. पण खिळा ठोकायला कुणी पुढे येईना. शेवटी गुरुजींनी ते जमिनीवर ठेवलं, आणि साहेब गेल्यावर पुन्हा लावलेला बांबूचा टेकू सरकू नये म्हणून त्याच्या बुडाशी लावलं.

तरी भिंत आणखी कललीच. आता बांबूही वाकला. खवले गुरुजींनी दुसरीचा वर्ग बाहेर, उघड्यावर बसवला.

उघड्यावर बसणं तुम्हाआम्हाला गंमत वाटते. नाल्याच्या पोरांना ती गंमत नव्हती. वर घार होती. पहिल्या दिवशी एक होती, दुसऱ्या दिवशी दोन. शाळेची हजेरी आता गुरुजींच्या आधी घारी घेऊ लागल्या. उंदरांनी पोरं पाठवणं बंद केलं. सरड्यांची पोरं यायची, पण दिवसभर रंग बदलून दगडासारखी बसायची. गुरुजींनी प्रश्न विचारला तरी हलायची नाहीत.

भागूबाईची पोरं यायची. खिचडी सोडून ती मधे मधे बाहेर धावायची आणि डाव आकाशाकडे उगारायची. घरी शिकवलं तर पोरं अडाणी राहणार. वर्गात बसवलं तर भिंत. बाहेर बसवलं तर घार. बिचारीला कळेना, कुठल्या बाजूला उभं राहावं.

शेवटी ती कचेरीत गेली. तीन पोरं शेपटीला.

कावळेभाऊसाहेब खिडकीत बसले होते. त्यांनी पंख नाकावर धरला. "बाई, जरा वाऱ्याच्या त्या बाजूला उभ्या राहा. हं, बोला."

"भाऊसाहेब, आमची भिंत पडायला आलीय."

भाऊसाहेबांनी कागद काढला. "इथे मजबूत लिहिलंय."

"पलीकडून घोरपडआत्यांनी धरली होती."

"का धरली होती?"

"टेकू काढला होता म्हणून."

"टेकू का काढला होता?"

"पाहुणे यायचे होते."

भाऊसाहेबांनी मान तिरकी केली. कावळा मान तिरकी करतो म्हणजे तो विचार करतो असं नाही. "बाई, ते पाहुणे नव्हते. ते तपासनीस होते."

"आमच्या दारात येतो तो पाहुणाच असतो."

"बरं, मग पाहुणा तृप्त होऊन गेला का?"

"गेला. पोहे दोनदा घेतले."

"मग तुमचं काम झालं. पाहुणचार केलात, पाहुणचाराचं प्रशस्तिपत्रक मिळालं. रडगाणं गायलं असतंत तर निधी मिळाला असता. एका वेळी एकच मिळतं."

"मग आता?"

"फेरपाहणी पाच वर्षांनी."

"तोवर माझी पोरं शाळा सोडतील, भाऊसाहेब. नाहीतर घार त्यांना सोडवील."

भाऊसाहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी एक उसासा टाकला. "बाई, एक सांगतो. अब्रू घरी ठेवून कचेरीत यायचं असतं. तुम्ही ती साहेबांना ताटात वाढलीत."

भागूबाई परत आली.

इकडे टेकडीवर काम जोरात सुरू झालं. जुनी दारं काढली, नवी बसवली. जुनी कौलं उतरवली, नवी चढवली. दगड उपसले, पायऱ्या उचकटल्या. कंत्राट होतं तरसशेठकडे. जुना राडारोडा डोंगरापलीकडच्या खाणीत नेऊन टाकायचा, असं कंत्राटात होतं. पण खाण लांब आणि नाला जवळ. तरसशेठला जवळचं आवडायचं.

एका सकाळी रेड्यांच्या चार गाड्या नाल्यापाशी आल्या आणि दणादणा रिकाम्या होऊ लागल्या. धूळ उडाली. भागूबाई डाव घेऊनच बाहेर आली.

"अहो तरसशेठ, ही काय कचरा टाकायची जागा आहे? इथे पोरांची शाळा आहे."

"कुठे आहे शाळा?" तरसशेठ हसले. ते नेहमीच हसतात, त्याचं मनावर घ्यायचं नाही. "मला तर उघड्यावर बसलेली चार पोरं दिसतात. आणि आकाशात त्यांच्या मावश्या."

भागूबाईला असा राग आला की तिने समोर पडलेल्या दगडावर डाव आपटला. दगडावर ही एवढी मोठी भेग होती, वरपासून खालपर्यंत. डाव आपटला आणि भेगेचा एक तुकडा पुसला गेला.

ती थबकली. तिने बोट ओलं करून भेगेवरून फिरवलं. बोट काळं झालं. दगड स्वच्छ झाला. शेजारच्या दगडावर भेगेखाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. ठमीने वाचलं, "चौथी, ब तुकडी. उत्तेजनार्थ बक्षीस."

भागूबाई मटकन खाली बसली. मग तिने तो सगळा ढीग पाहिला. धडधाकट दगड. अखंड कौलं. आणि त्यांच्यावर आडवं पडलेलं एक सागवानी दार, नाल्याच्या शाळेच्या आख्ख्या भिंतीएवढं.

तोवर घोरपडआत्या आली होती. तिनेही बोट काळं करून पाहिलं. "भागू, ऊठ," आत्या म्हणाली. "हा दगड घेऊन थेट गजराबाईंकडे जा. त्यांना दाखव. अशी लबाडी? न्याय झालाच पाहिजे."

भागूबाई उठली. दगड उचलायला वाकली. आणि तशीच वाकून राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "मी दगड दाखवला तर काय होईल?"

"चौकशी होईल."

"चौकशी झाली की?"

"टेकडीचं काम थांबेल. थांबायलाच पाहिजे."

"आणि गाड्या?"

आत्याने गाड्यांकडे पाहिलं. "गाड्याही थांबतील."

"आणि निधी आपल्याला मिळेल?"

"फेरपाहणी..." आत्या म्हणाली.

वर एक घार फिरत होती. गोप्या आणि चिंगी एका कौलाखाली शिरून बसले होते. पहिल्यांदाच त्यांनी वर न बघता पाटी काढली होती.

भागूबाईने दगड सोडून दिला. लुगड्याचा पदर सारखा केला. डाव मागे लपवला.

"तरसभाऊ," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "तिथे नका हो टाकू. तिथे चिखल आहे, तुमची गाडी रुतेल. जरा इकडे या, कोरड्यात. दारं निराळी ठेवा, कौलं निराळी ठेवा, म्हणजे तुम्हालाच मोजायला बरं पडेल. दमला असाल. चहा ठेवते."

तरसशेठला आयुष्यात कुणी कचरा टाकताना चहा विचारला नव्हता. ते हसायचे थांबले. पुढच्या गाड्या त्यांनी स्वतः उभं राहून नीट लावून घेतल्या.

"पोहे आहेत का हो?" ते म्हणाले.

"आहेत ना. दोनदा घ्या."

मग नाला कामाला लागला. खेकड्यांनी पाया खणला. उंदरांनी सागवानी दार हवं तिथे कुरतडून हव्या त्या मापाचं केलं. बेडकिणींनी मातीचा गारा तुडवला. घोरपडआत्याने जुन्या भिंतीचा बांबू अखेर काढला आणि भिंत एका दुपारी, कुणी आत नसताना, मोठा सुस्कारा टाकून बसली. तिच्या जागी सागवानी भिंत उभी राहिली. मोरांच्या एका खोलीच्या कौलांत नाल्याची पूर्ण शाळा झाकली, आणि चार कौलं उरली. त्या अंगणातल्या हत्तीच्या उंचीच्या शिडीचे सुद्धा तुकडे करून बाकं केली. तेव्हा कुठे ती शिडी शाळेच्या आत गेली.

महिन्याभराने टेकडीच्या नव्या शाळेचं उद्घाटन झालं. गजराबाईंना वरून नाला दिसला. नाल्यात चकचकीत कौलं दिसली.

"ती कुठली शाळा?" त्यांनी विचारलं.

सांबरसाहेबांनी पाहिलं आणि त्यांनाही नवल वाटलं. त्यांच्या कागदाप्रमाणे तिथे एक छदामही गेला नव्हता. ते कागदाला घाबरत, म्हणून त्यांनी झटकन उत्तर शोधलं. "बाईसाहेब, हा आपल्याच धोरणाचा परिणाम. टेकडीवर ओतलं की नाल्यात आपोआप उतरतं."

गजराबाईंनी आनंदाने सोंड उंचावली. मघाशी म्हटलं तशी ती मनाची फार चांगली. तिने तिथल्या तिथे भाषण केलं आणि नाल्याच्या शाळेतल्या खिचडीवाल्या बाईंना व्यासपीठावर बोलावलं.

भागूबाई गेली. पिसारे सर पहिल्या रांगेत बसले होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग आपल्या पायांकडे पाहिलं. मोराने पायांकडे पाहिलं की समजावं, त्याला सगळं ठाऊक आहे.

"बाई, तुमच्या मनात काही असेल तर मोकळेपणाने सांगा," गजराबाई म्हणाल्या.

भागूबाईचं एक बोट अजून थोडं काळं होतं. तिने ते पदरात झाकलं.

"अडचण काही नाही," ती म्हणाली. "पण आमची एक विनंती आहे. टेकडीच्या शाळेत वर्गाच्या फरशा अजून जुन्याच आहेत. त्या लहान लेकरांच्या पायाला गार लागत असतील. त्याही बदलून द्याव्यात."

पिसारे सरांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. शेजारच्या वस्तीचं इतकं मन मोठं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. टेकडीवरच्या पालकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. विनंती एकमताने मंजूर झाली. गजराबाई म्हणाल्या, "एका शाळेने दुसरीसाठी मागावं, याहून मोठा न्याय तो कोणता?"

चार दिवसांनी तरसशेठच्या गाड्या आल्या. नाल्याच्या आयांनी फरशा ठेवायची जागा आधीच झाडून, सारवून, भोवती रांगोळी काढून ठेवली होती.

आता भागूबाईची तिन्ही पोरं सागवानी भिंतीला पाठ लावून, डोक्यावर अखंड कौलं घेऊन, गुळगुळीत फरशीवर बसतात. ठमी तिसाचा पाढा उलटा म्हणते. गोप्या चुकतो. चिंगी झोपते, कारण आता झोपायला भीती नाही. घार वर फिरते, खाली बघते, तिला नुसती कौलं दिसतात. भागूबाई खिचडी शिजवते आणि तिचे दोन्ही कान चुलीकडे असतात. जसं छप्पर तिच्या लेकरांना लाभलं, तसं ज्याच्या त्याच्या लेकराला लाभो, सरळ वाटेने लाभो, नाहीतर गाडीवाटेने लाभो.

तात्पर्य: न्याय कधी होईल, याची वाट पाहत बसू नये. न्याय नेहमी शेजारच्या टेकडीवर होतच असतो. आपण फक्त त्याचा राडारोडा कुठे टाकतात ते विचारून ठेवावं, आणि टाकणाऱ्याला चहा द्यावा.